सामाजिक शास्त्रांचे शिक्षण आणि आपली मुले
(विद्यार्थी व पालक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाविद्यालयात मुलांनी कोणते विषय घ्यावेत, यावर मी बोलावे अशी आपल्या चालकांची इच्छा आहे. मी वकील आहे, शिक्षक नव्हे. तरीही हे आमंत्रण मी आनंदाने स्वीकारले. कारण बारावीचा निकाल लागल्यावर घरात एका संध्याकाळी जो निर्णय होतो, त्याचे परिणाम पुढे वीस-वीस वर्षे दावे, अपिले आणि अर्ज यांच्या रूपाने माझ्यासारख्याच्या मेजावर येऊन पडतात. तेव्हा या प्रश्नाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार वकिलालाही आहे, असे मी मानतो.

आपल्या घरांतून काय घडते ते आपण सर्व जाणता. ज्या मुलाला गुण अधिक तो विज्ञान शाखेकडे जातो. त्याहून कमी गुणांचा वाणिज्य शाखेकडे वळतो. आणि ज्याचे काय करावे हे कोणालाच सुचत नाही, त्याला ‘आर्ट्‌सला घातला’ जातो. हे सांगताना बापाचा आवाज आपोआप खाली येतो. मुलीच्या बाबतीत तर ‘लग्न जमेपर्यंत बी. ए. करू दे’ एवढ्यावर विचार संपतो. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास ही शास्त्रे म्हणजे उरलेल्यांची जागा, असा आपला समज झाला आहे. हा समज खोटा आहे आणि आपणांस फार महाग पडत आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ज्यांचे नाव आपण दररोज घेतो ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांनी कोणते विषय घेतले? विद्यापीठाच्या नोंदींवरून अभ्यासकांनी जी यादी काढली आहे, तिच्यात अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम आहेत. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उगमाविषयीचा आपला निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला. याच काळात ते बॅरिस्टरही झाले.

या क्रमाकडे आपण नीट लक्ष द्यावे. ज्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो, त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाखाली समाज, पैसा आणि इतिहास यांच्या अभ्यासाचा पाया होता. साउथबरो समितीपुढे १९१९ साली साक्ष देताना किंवा १९२८ साली सायमन कमिशनपुढे निवेदन मांडताना त्यांनी केवळ दुःखाचे वर्णन केले नाही. लोकसंख्या किती, मतदार किती, शाळेत मुले किती, हे आकडे त्यांनी पुढे ठेवले. ज्याच्याजवळ आकडा असतो त्याला उत्तर द्यावेच लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आता मी एकेका शास्त्राकडे वळतो आणि ते आपल्या दाराशी कसे येते ते सांगतो.

प्रथम इतिहास घ्या. इतिहास म्हणजे राजांच्या लढायांच्या सनावळ्या, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. परंतु माझ्या कचेरीत इतिहास येतो तो महार वतनाच्या जमिनीच्या रूपाने. पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव या जमिनी आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली गावकीच्या राबणुकीचा मोबदला म्हणून त्या होत्या. त्या राबणुकीच्या जोखडातून माणूस सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात सुधारणा विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नाहीशी झाली आणि जमिनी जुन्या वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली. मात्र त्यांच्या हस्तांतरावर निर्बंध राहिले. आज सातबाऱ्यावर ‘नवीन व अविभाज्य शर्त’ असा शेरा दिसतो, त्यामागे ही सारी हकीकत आहे. तो शेरा न समजल्यामुळे एखादा म्हातारा साध्या कागदावर अंगठा देतो, जमीन दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि नातू वीस वर्षांनी वकिलाकडे येतो. ज्या घरात इतिहासाचा एक जरी विद्यार्थी असता, त्या घरात तो शेरा कोणीतरी वाचला असता.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मागावयास गेले की, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ही तारीख कोठून आली? राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी ज्या आदेशाने जाहीर केली, त्याची ती तारीख आहे. तेव्हा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा शोधावा लागतो, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. कित्येक जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. तालुक्याच्या दप्तरातून नक्कल हाती आली तरी ती वाचणारा माणूस सापडत नाही, म्हणून मुलाचा प्रवेश अडकून पडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पदवीबरोबर मोडीचा अभ्यास केला, तर एका वस्तीतील पन्नास घरांचे काम तो करू शकेल. त्याला त्यात मानही मिळेल आणि अर्थप्राप्तीही होईल.

आता राज्यशास्त्राविषयी. नव्याने धम्म स्वीकारलेल्या अनेक कुटुंबांना आजही कोणीतरी सांगतो की, ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुमच्या सवलती गेल्या.’ काही पालक त्या भीतीने मुलांच्या कागदांवर एक आणि मनात दुसरे असे वागतात. वस्तुस्थिती काय आहे? १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदू धर्मातील अनुसूचित जातींचा समावेश होता. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोक बौद्ध झाले. परंतु आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या व शिष्यवृत्त्या मात्र दूरच राहिल्या. आज अनुसूचित जातीतील व्यक्तीने बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून तिचा हक्क जात नाही. हे पालकांनी निःशंकपणे ध्यानात ठेवावे.

पण मी आपणांस विचारतो, राज्याने १९६० साली दिले आणि केंद्राने १९९० पर्यंत दिले नाही, असे का झाले? घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे यादी जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आणि तीत फेरबदल करण्याचा अधिकार संसदेचा आहे. राज्याच्या हाती तो नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो मोर्चा कोणाच्या दारी न्यावयाचा ते अचूक ओळखतो. ज्याला ठाऊक नाही तो तहसीलदाराच्या कचेरीपुढे घोषणा देतो आणि थकून घरी येतो. अधिकार कोठे वसतो आणि तो कोणत्या मार्गाने हलविता येतो, हे शिकविणारे शास्त्र म्हणजे राज्यशास्त्र होय.

अर्थशास्त्राविषयी लोकांची अशी कल्पना आहे की, ते श्रीमंतांचे शास्त्र आहे. वास्तविक गरिबालाच त्याची गरज अधिक. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. शेताचे तुकडे फार लहान झाले, ते एकत्र करा, असे त्या वेळी अनेक विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी उलट प्रश्न केला: शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून कसे ठरेल? त्यावर राबणारे हात किती आणि भांडवल किती, हे पाहिल्यावाचून ते ठरत नाही. शेतीवर जगणाऱ्यांचा भार कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या समाजाजवळ जमीन जवळजवळ नव्हती, त्याच्या पुत्राने जमिनीच्या प्रश्नाची अशी मुळापासून उकल केली.

आपल्या गावच्या पातळीवर येऊन पाहा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा आपल्या राज्यात नियम आहे. ती रक्कम दर वर्षी किती होते? कोणत्या कामावर पडली? तो रस्ता खरोखर आपल्या वस्तीत झाला, की सरपंचाच्या शेतापर्यंत गेला? ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. आरडाओरडा करणारे दहा जण असतात. जमाखर्चाचा कागद हातात धरून शांतपणे प्रश्न विचारणारा एक जण त्या दहांना भारी ठरतो. जो मुलगा वा मुलगी अर्थशास्त्र शिकते, तिने हे काम पहिल्या वर्षापासून करावे.

राहिले समाजशास्त्र. जात ही काय वस्तू आहे, ती कशी टिकते, लग्नाच्या बंधनाशी तिचा काय संबंध आहे, याचा विचार १९१६ च्या त्या निबंधात बाबासाहेबांनी केला. स्वतः जातीचे चटके सोसलेल्या तरुणाने त्या चटक्यांची कहाणी न सांगता त्या व्यवस्थेची रचना उलगडून दाखविली, हे त्या निबंधाचे मोल आहे. सोसणे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. जे सोसले ते मोजून, तपासून, पुराव्यासह मांडणे हे मात्र शिकावे लागते.

आणि आज न्यायालयांना हेच मोजमाप हवे आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी निकाल दिला. त्यानंतर ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द चावडीवरही ऐकू येऊ लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास बहुमताने मान्यता दिली. त्यातही राज्यांनी पुराव्याचा व आकडेवारीचा आधार दाखविला पाहिजे, असे म्हटले. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. या निकालांविषयी व निर्णयांविषयी आपली मते निरनिराळी असतील. ती असावीत. परंतु यापुढे हक्कांचा झगडा आकड्यांच्या मैदानावर होणार, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्या मैदानात आकडे गोळा करणारे, तपासणारे आणि त्यांतील खोट दाखविणारे आपले लोक किती असतील? आपल्याविषयीची माहिती दुसऱ्यांनी गोळा करावी, दुसऱ्यांनी तिचा अर्थ लावावा आणि आपण केवळ निकाल ऐकावा, ही स्थिती आपणांस मान्य आहे काय?

एक उदाहरण देतो. १९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९६१ मध्ये ती ३२ लाखांवर गेली. २०११ मध्ये ती सुमारे ८४ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. सभेत हे आकडे सांगितले की टाळ्या पडतात. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी टाळ्या वाजवून थांबणार नाही. तो विचारील: घरी वंदना घेणारी, पण नोंदणी करणाऱ्यासमोर जुनाच धर्म सांगणारी कुटुंबे किती? त्यांनी असे का केले? भीतीने, की कोणी चुकीचे सांगितल्याने? या प्रश्नाचे उत्तर घरोघर जाऊन, नीट प्रश्नावली करून, कोणाच्याही तोंडी उत्तर न घालता मिळवावे लागते. त्यालाच संशोधन म्हणतात.

आता पालकांच्या मनातील खरा प्रश्न मी घेतो. ‘वकीलसाहेब, हे सगळे खरे; पण याने पोट भरेल काय?’ हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात कमावणारा एक आणि खाणारी सहा तोंडे आहेत, त्या घराला आदर्शाच्या गोष्टी सांगून भागत नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो. केवळ बी. ए.च्या पदवीचे भेंडोळे हाती घेऊन नोकरी मिळेल, अशी आशा कोणी ठेवू नये. मात्र त्या पदवीला जोड दिली तर तिचे मोल पालटते. अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घ्यावे. संगणकावर आकड्यांचे तक्ते करावयास शिकावे. समाजशास्त्रानंतर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. राज्यशास्त्रानंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. मी स्वतः त्याच वाटेने आलो. इतिहासानंतर अध्यापन आहे, अभिलेखागारे आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले शहरातील खोल्यांतून वर्षानुवर्षे ज्या विषयांची मार्गदर्शके पाठ करतात, ते विषय तरी कोणते? इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था हेच ना? तेच विषय महाविद्यालयात मूळ ग्रंथांतून तीन-चार वर्षे मन लावून शिकले, तर परीक्षेत यश आले तरी ते ज्ञान कामी येते आणि अपयश आले तरी ती वर्षे वाया जात नाहीत.

माझे म्हणणे असे मुळीच नाही की, सर्वांनी विज्ञान सोडावे. डॉक्टर, इंजिनियर आपणांस हवेतच. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांची सोय केली. पुढे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. माझी मागणी इतकीच की, हुशार मुलाने समाजशास्त्र घेतो म्हटले तर घरात सुतक पाळू नये. आणि मुलगी अर्थशास्त्र शिकते म्हटले तर तिचे शिक्षण लग्नाच्या तारखेला बांधू नये. महाराष्ट्रात या शास्त्रांच्या जुन्या व नामांकित जागा आहेत. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासून आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची. तेथे प्रवेश मिळविण्याची जिद्द आपल्या मुलांनी धरावी.

खर्चाचे म्हणाल, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिचा अर्ज, उत्पन्नाची मर्यादा आणि मुदत ही दर वर्षी वेळेवर पाहून घ्यावीत. संशोधनासाठी पुण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे ‘बार्टी’कडे, चौकशी करावी. त्याचबरोबर एक गोष्ट सावधपणे ध्यानात घ्यावी. २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतीय समाजाचा अभ्यास हे संशोधनाचे विषय तीतून वगळण्यात आले. ज्या विषयावर १९१६ साली परदेशात एका विद्यार्थ्याने निबंध वाचला, त्याच विषयाला आता शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. जे शास्त्र निरुपयोगी असते ते कोणी यादीतून काढण्याची तसदी घेत नाही. यावरून या शास्त्रांची किंमत आपण ओळखावी.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. सामाजिक शास्त्र म्हणजे आपल्या बाजूचे भाषण नव्हे. तुम्ही सर्वेक्षण केले आणि आपल्याच वस्तीतील शाळागळतीचे एक कारण घरातील दारू निघाले, तर तेही लिहावे लागेल. मुलीचे लग्न लवकर लावण्यात आपण इतरांहून मागे नाही असे दिसले, तर तेही मांडावे लागेल. रुपयावरील ग्रंथात बाबासाहेबांनी केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताचा प्रतिवाद केला. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी काही मुद्द्यांवर आपला मतभेद नोंदविला. तरीही गुरूने प्रस्तावना लिहिली आणि शिष्याने ती छापली. विद्येच्या क्षेत्रातील हा मोठेपणा आहे. टीका करणाऱ्याला वैरी आणि स्तुती करणाऱ्याला मित्र समजू नका. कोणी मोठ्या आवाजात बोलला म्हणून त्याचे खरे मानू नका. मी येथे व्यासपीठावरून सांगितले म्हणून माझेही तपासल्यावाचून मानू नका.

पालकांना माझी विनंती आहे की, घरी गेल्यावर एक काम करावे. जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, जुन्या पावत्या हे ट्रंकेत पडलेले सारे कागद बाहेर काढावेत आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलीसमोर ठेवावेत. ‘यात काय लिहिले आहे ते आम्हांस वाचून समजावून सांग,’ असे म्हणावे. त्याला ते सांगता आले, तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग तुम्हांस त्याच दिवशी कळेल. सांगता आले नाही, तर आपणांस काय शिकावयाचे आहे ते त्याला कळेल.

 जय भीम.